पासलीचा राब आणि आमची फटफटी

माझ्या यजमानांनी आमच्या पेठेतल्या वाचनालयात ‘फटफटीवरून सह्याद्रीच्या कुशीत’ या विषयावर व्याख्यान दिलं, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ऐकलं नसेल तरी फार काही बुडालं नाही. त्यात घोंघावता वारा होता, काळेकभिन्न कडे होते, मावळ्यांचं रक्त होतं, आणि एक ढाण्या वाघही होता. तो वाघ मला काही दिसला नाही, आणि मी तर सगळा वेळ ह्यांच्या डाव्या हाताला बसले होते. व्याख्यानात मी दोनदा आले. एकदा ‘सौभाग्यवतींची पाचावर धारण बसली’ म्हणून, आणि एकदा ‘त्यांनी चहा केला’ म्हणून. तेव्हा हा प्रवास मी पुन्हा लिहून काढते आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना आम्ही तिथे काय दिवे लावले ते तरी खरं कळावं.

आधी प्रवास आणि मग व्याख्यान, असा इतरांचा क्रम असतो. आमच्याकडे व्याख्यान आधी ठरलं. हे विमा कंपनीत हेडक्लार्क. लष्करातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली फटफटी काढून टाकत होता, ती ह्यांनी घेतली आणि त्या दिवसापासून जमिनीवर पाय ठेवायचे सोडले. वाचनालयाच्या मंडळींना सांगून मोकळे झाले की आपण भोर, वेल्हे, पासली करत थेट मढे घाटाच्या माथ्यावर फटफटी नेणार, आणि जिथून खाली कोकण दिसतं तिथे तिच्यासह फोटो काढून घेणार. आजवर कोणी नेली नाही म्हणे. बैलांनीही अजून तबला वाजवला नाही, पण म्हणून कोणी त्यांच्यापुढे तबला नेऊन ठेवत नाही. फोटो काढायला कोणीतरी लागतं, म्हणून मला न्यायचं ठरलं.

फटफटीच्या बाजूला एक होडीसारखा डबा जोडलेला होता. त्याला साइडकार म्हणतात. आत लाल कातड्याची गादी. त्या गादीवर ह्यांचा जीव. मी बसण्याआधी ती पुसत, आणि मी उतरल्यावर पुन्हा पुसत.

पुण्याहून नसरापूर

वैशाख सरत आला होता. कात्रजचा घाट उतरेपर्यंत माझ्या तोंडावर धुळीचा असा थर बसला की हळदी-कुंकवाला गेले असते तर कोणी ओळखलं नसतं. ह्यांनी डोळ्यांना काचा लावल्या होत्या. मला काचा नव्हत्या, कारण मला कुठे वाट बघायची होती! वाटेतले बैल आम्हाला पाहून गाड्यांसकट शेतात शिरत होते आणि गाडीवान आमच्या मागे काय ओरडत होते ते फटफटीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, हे बरंच होतं.

नसरापूरला चहासाठी थांबलो तर अर्धं गाव भोवती जमलं. हे लगेच सिलिंडर, गिअर वगैरे सांगायला लागले. एक पागोटेवाले आजोबा मात्र ह्यांच्याकडे ढुंकून न बघता माझ्याकडेच टक लावून होते. शेवटी त्यांनी ह्यांना विचारलं, “बाई लई आजारी हाईत का?”

“नाही हो, ठणठणीत आहेत.”

“मग आशा डब्यात का घातल्यात?”

सगळ्या प्रवासात कोणीतरी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. ह्यांनी किक मारली.

भोर

भोरात ह्यांच्या नात्यातले एक वकील आहेत, त्यांच्याकडे मुक्काम केला. संस्थानी गावातली आपली माणसं पुण्यापेक्षा दोन पायऱ्या वरची असतात हे मला तिथे कळलं. पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला चहा देतो. तिथे आधी तुमचं घराणं विचारतात, मग स्वतःचं सांगतात, आणि चहा गार झाल्यावर देतात. वकिलांनी आम्हाला भाटघरचं धरण दाखवलं ते जणू काही त्यांच्या आजोबांनीच बांधलं होतं. वेल्ह्याकडे जाणार म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

“तिकडे काय आहे? डोंगर आणि कुणबी. बघण्यासारखं माणूस नाही एक.”

“तुम्ही गेला होता का कधी?” मी विचारलं.

“छे! आम्ही कशाला जातोय?” वकील म्हणाले. त्यांच्या घरातून त्याच डोंगराच्या तांदळाचा वास येत होता, आणि भात खरोखरच फार उत्तम होता. जेवताना ते तीनदा म्हणाले की असा तांदूळ पुण्यात मिळायचा नाही.

वेल्हे

भोरहून परत नसरापूरला येऊन वेल्ह्याची वाट धरली. नसरापूरच्या पुढे रस्ता आणि ओढा यांच्यात फारसा फरक उरत नाही. मार्गासनीनंतर तर मी डब्यात बसले होते की डब्याबरोबर उडत होते ते सांगणं कठीण. ओढ्यांतून फटफटी मी ढकलायची आणि हे वर बसून ती चालवायचे. ‘वजनाचा तोल सांभाळायला हवा’ हे त्याचं शास्त्रीय कारण. माझ्या नऊवारीचा काठ वेल्ह्याला पोचेपर्यंत चिखलाचा झाला होता.

तोरणा मात्र खरंच मोठा आहे. एवढं एक मी वाकडं न बोलता लिहिते. संध्याकाळच्या उन्हात तो असा उभा होता की हेही क्षणभर गप्प बसले, आणि ह्यांना गप्प बसलेलं मी लग्नानंतर फार क्वचित पाहिलं आहे. मग हे म्हणाले, “व्याख्यानात इथे एक श्लोक घालायला हवा.” संपलं.

आमच्याजवळ पेट्रोलचे डबे होते ते हे रोज संध्याकाळी हलवून बघत. वेल्ह्याच्या पुढे पेट्रोल नावाची चीज मिळत नाही. घाटाच्या माथ्यापर्यंत जायचं आणि परत सातारा रस्त्याला लागायचं, एवढ्याचाच हिशेब होता. कॅमेऱ्यातल्या फिल्मलाही हात लावायची मला बंदी होती. ती घाटासाठी राखून ठेवली होती.

पासली

पासलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वारा सुटला होता. गावाच्या अलीकडे सगळीकडे दगडगोटे आणि मोकळी खाचरं, म्हणजे भाताची बांध घातलेली शेतं. मधेच एका खाचराच्या कडेला जमिनीचा एक लांबरुंद तुकडा मऊ गादीसारखा होता. त्यावर वाळका पाला, फांद्या, शेणाचा चुरा आणि गवत असं थरावर थर पसरलेलं.

“बघ, खेडवळ म्हणतो आपण,” हे म्हणाले, “पण कचरा किती नीट पसरलाय!” आणि फटफटी सपाट जागी असावी म्हणून त्यांनी ती थेट त्यावर नेऊन उभी केली.

मी ओढ्यावर तोंड धुवायला गेले. परत येते तो फटफटीखालून धूर. चढ चढून तापलेली तिची धुराची नळी वाळक्या पाल्याला टेकली होती. मी ओरडेपर्यंत वाऱ्यानं ज्वाळा पलीकडच्या टोकाला नेली. हे धावले ते फटफटीकडे. तिला ओढून बाहेर काढली, लाल गादीवरची राख झटकली, आणि मग आगीकडे पाहिलं. तोवर खालच्या घरातून एक म्हातारी आणि तिची सून हिरव्या डहाळ्या घेऊन धावत आल्या होत्या. त्या बडवत होत्या, मीही पदर खोचून बडवायला लागले. पण पाला भडकला की काय राहतंय! बघता बघता सगळं जळून वर काळी राख तेवढी उरली.

म्हातारीचं नाव भागूबाई, सुनेचं तान्ही. भागूबाईचा मुलगा मुंबईला गोदीत. तान्ही जमिनीवर बसून रडायला लागली. भागूबाई रडली नाही. तिनं काठीनं राख उकरून खालची माती बोटांनी चाचपली.

“गार हाय,” ती म्हणाली. “नुसतं वरलंवर गेलं.”

“काळजी नको आजी,” हे म्हणाले. “कचराच होता ना? कधीतरी जाळायचाच होता.”

“जाळायचाच हुता,” भागूबाई म्हणाली. “पर कवा, आन् कसा, ते तुमाला कुनी इचारलं हुतं?”

मग तिनं सांगितलं ते असं. तो कचरा नव्हता, राब होता. दिवाळीपासून दोघी बायकांनी टहाळ, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडून, शेण गोळा करून, डोक्यावरून वाहून तो रचला होता. त्यावर मातीचा थर द्यायचा राहिला होता. माती दिली, वारा पडला, की खालच्या अंगानं पेटवायचा. राब धुमसायला हवा, भडकायला नको. सावकाश धुमसला की जमीन खोल भाजते, तणाचं बी मरतं, आणि मग पाऊस पडला की त्यात भाताची रोपं येतात. भडकून गेलेल्या राबात रोपांआधी गवत येतं. आणि रोपं नाहीत तर वर्षाचा भात नाही. पाऊस आता कधीही येणार होता.

ह्यांनी खिशातून पाकीट काढलं. भागूबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पैसं पेरून भात येतो व्हय?”

“मग पुन्हा पाला तोडू. ती काय, एवढी झाडं आहेत की!” ह्यांनी समोरच्या दाट राईकडे हात केला.

आत्तापर्यंत गावचे पाटील आणि पाच-सात माणसं जमली होती. पाटील सावकाश म्हणाले, “सायेब, ती देवीची राई हाय. तितली वाळकी काडीबी भाईर येत न्हाई.”

“पण तुमच्याच शेतासाठी—”

“न्हाई म्हंजे न्हाई. बाकी समदी झाडं सवळून, फांद्या छाटून झाली. आता टहाळ कुटनं आनायचा?”

पुण्यात हे ज्या सभेत बोलतात तिथे निदान कोणी जांभई तरी देतं. इथे माणसं नुसती बघत होती. त्यांच्याकडे असा काही घोटाळा झाला की इर्जिक घालतात. म्हणजे सगळ्या गावानं एकाच्या शेतात मिळून राबायचं, आणि ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. पाटील म्हणाले की घरोघरी थोडंफार शेण आणि पालापाचोळा उरलेला असेल, तो एकेक पाटी दिला तर राब पुन्हा रचता येईल. “पर रिवाज आसा हाय सायेब. ज्येच्यामुळं नड आली, त्येनं सोता दारात जाऊन सांगायचं. आन् वाड्या हाईत लांब लांब. पाट्या डोक्यावर आनायच्या तर पाऊस गाटंल.”

“मी घरोघर शेण मागत फिरू?” ह्यांचा आवाज चिरकला.

भागूबाई इतका वेळ साइडकारकडे बघत होती. ती म्हणाली, “ह्या डब्यात किती पाट्या बसत्याल?”

मी हसू आवरायला तोंडाला पदर लावला. ह्यांचा चेहरा त्या गादीपेक्षा लाल झाला. “ह्यात? अहो, हे विलायती कातडं आहे!”

“मग जावा तुमी,” भागूबाई शांतपणे म्हणाली. “तुमाला तिकडं घाट बगायचाय न्हवं?”

त्या रात्री आम्ही तिच्याच पडवीत उतरलो, कारण गावात दुसरीकडे कोणी विचारलं नाही. तिनं आमच्यापुढे नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं ठेवलं. वर्षाचं अन्न ज्यानं जाळलं त्याला जेवायला घालायची पद्धत पुण्यात नाही. आमच्याकडे छत्री मोडली तरी दोन पिढ्या बोलणं बंद असतं. पुण्यात कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाचं नाही यावर हे तासभर बोलू शकतात. इथे मुकाट जेवले आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

सकाळी फटफटीच्या आवाजानं मी उठले. पाहते तो हे घाटाच्या दिशेनं निघालेले. एकटे. मला हाकसुद्धा मारली नव्हती. कॅमेरा खुंटीवर नव्हता.

“गेले,” मी भागूबाईला म्हटलं. “फोटो काढून येतील. व्याख्यान आहे ना!” आणि मनात जे साठलं होतं ते सगळं बोलून घेतलं. आठ वर्षांच्या संसारात ह्यांनी स्वतःचं धोतर वाळत घातलं नव्हतं, हा माणूस काय शेण वाहणार! मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही त्या म्हातारीपुढे उघडे पडले होते.

“गेला आसंल तर जाऊ दे,” ती म्हणाली. “तू जात्यावर बस. तोंड चालतंय तसा हातबी चालू दे.”

मी जात्यावर बसले. बऱ्याच वेळानं फटफट ऐकू आली. तान्ही पळत बाहेर गेली आणि तिचं हसणंच ऐकू आलं. मी उठून पाहिलं. हे खाचराकडे येत होते. बाजूच्या डब्यात, लाल गादीवर, माझ्या बसायच्या जागी शेणाचा ढीग. वर पाचोळ्याचा भारा दोरीनं बांधलेला. कोट नाही, डोळ्यांना काचा नाहीत, सदरा कोपरापर्यंत हिरवा झालेला. कॅमेरा मात्र गळ्यात होता, नीट फडक्यात गुंडाळून. गावासमोर मागायला लाज वाटली म्हणून हे आधी सगळ्यांत लांबच्या वाडीवर गेले होते. तिथे काय बोलले, कसं मागितलं, ते मला अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडे न बघता हे भागूबाईला म्हणाले, “पाच पाट्या बसतात.”

“दाबून भरल्या तर सा बसत्याल,” भागूबाई म्हणाली.

दिवसभर ती फटफटी वाड्यांवरून शेण वाहत होती. दुपारी ह्यांनी पेट्रोलचा एक डबा टाकीत रिकामा केला. घाटाचा डबा तो. मग दुसऱ्या डब्यातलंही अर्धं ओतलं. ओतताना एकदा डोंगराकडे पाहिलं आणि झाकण लावलं. मी जवळच उभी होते, पण आयुष्यात पहिल्यांदा मला वाकडं काही सुचलं नाही.

जेवणाचं माझ्याकडे होतं. पाटलीणबाईंनी डाळ-गूळ काढून दिला, मी पुरणपोळ्या केल्या. पुण्याच्या मापानं माणशी दोन. पंगत बसली आणि पहिल्याच माणसानं दोन पोळ्यांची एक घडी करून तोंडात घातली. “बाई, ह्यो नमुना झाला. आता पोळी वाढा,” असं म्हणाला आणि सगळी पंगत हसली. मग तान्ही आणि पाटलीणबाई पुढे आल्या आणि तव्याएवढ्या पोळ्या लाटून त्यांनी माझी अब्रू वाचवली. ह्यांना वाढताना कोणीतरी ‘शेणवालं सायेब’ म्हटलं आणि तेच नाव पडलं.

संध्याकाळपर्यंत राब पुन्हा रचून झाला, मातीचा थर बसला. एक कोपरा तेवढा उघडा राहिला, माल पुरला नाही. वारा पडल्यावर भागूबाईनं खालच्या अंगानं विस्तव लावला. ज्वाळा नाही, नुसता धूर जमिनीलगत सरकत होता. हे बांधावर उकिडवे बसून राब अगदी टोकाला पोचेपर्यंत बघत राहिले.

परत

परतीचं सांगण्यासारखं एवढंच की उतारावर आम्ही फटफटी बंद करून आलो, मार्गासनीच्या अलीकडे पेट्रोल संपलं, आणि पुढे एका बैलजोडीनं आम्हाला ओढून नसरापूरला पोचवलं. गादी ह्यांनी ओढ्यावर तीनदा धुतली. तरी मी पुण्यापर्यंत नाकाला पदर लावूनच बसले होते. कॅमेऱ्यातली फिल्म पुढे पर्वतीच्या पायऱ्यांवर संपवली.

व्याख्यान थंडीत झालं. ह्यांनी मढे घाटाच्या माथ्यावरून दिसणाऱ्या कोकणाचं असं वर्णन केलं की मागच्या रांगेत कोणीतरी सुस्कारा टाकला. छायाचित्र दुर्दैवानं बिघडलं म्हणाले. राबाचं अवाक्षर नाही. शेणाचं नाही, घरोघर मागितल्याचं नाही. या माणसानं जन्मात एकदा अंग झिजवून काही चांगलं केलं, आणि लाज वाटली ती नेमकी त्याची.

त्याच आठवड्यात, व्याख्यानाच्या आधी, पासलीचा एक माणूस मंडईत आला होता, तो विचारत विचारत आमच्या घरी पोचला. त्यानं एक गाठोडं ठेवलं. नव्या भाताचे पोहे.

“भागूबायनं दिल्यात. शेनवाल्या सायबास्नी द्या म्हनली.”

“रोपं आली का?” मी घाईनं विचारलं.

“आली की, झ्याक आली. कोपरा तेवडा गवतानं खाल्ला. आन् म्हनली, फिरून या, पर चालत या म्हनावं.”

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयाची मंडळी ह्यांचं अभिनंदन करायला घरी आली. मी त्याच पोह्यांना फोडणी दिली. सेक्रेटरींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “वा! हे पोहे कुठले हो?”

“मंडईतले,” हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सेक्रेटरींनी बशी पुढे करून आणखी मागितले. पातेल्यात अजून बरेच होते. मी दारात येऊन म्हटलं, “संपले.”

मंडळी गेल्यावर उरलेले सगळे पोहे मी एका बशीत भरले आणि ह्यांच्यापुढे ठेवले.

“संपले होते ना?” ह्यांनी विचारलं.

“घाटावर जाऊन आलेल्यांचे संपले,” मी म्हटलं. “हे शेणवाल्या साहेबांचे आहेत.”

ह्यांनी मान खाली घातली आणि बशी पुसून पोहे खाल्ले.